पारायण आणि निरूपण

तिसरीतली ती मुलगी फार छान वाचत होती. आवाज खणखणीत, जोडाक्षरांवर कुठे अडखळ नाही, पूर्णविरामापाशी नेमका थांबा. उजव्या हाताची तर्जनी ओळीखालून अशी सरळ सरकत होती, जणू पेरणीची पाभर. पुस्तकातला धडा नव्हता तो. बाईंनी स्वतः लिहून आणलेला चार ओळींचा उतारा होता. आजी बाजारातून घरी येते, छत्री उघडीच दाराशी ठेवते, पदराने तोंड पुसते, हातातली पिशवी तशीच टाकून चुलीपाशी जाऊन बसते, एवढाच मजकूर. वाचून झाल्यावर बाईंनी विचारले, "बाहेर काय चाललं होतं गं?"

मुलीने कागदाकडे पाहिले. बोट पुन्हा पहिल्या शब्दावर ठेवले, चारही ओळी ओठांतल्या ओठांत वाचून काढल्या आणि निर्वाळा दिला, "त्यात नाही दिलेलं, बाई."

मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसून मी हे पाहत होतो. आधी हसू आले, मग ओसरले. मुलीचे काहीच चुकले नव्हते. 'पाऊस' हा शब्द त्या चार ओळींत खरोखरच नव्हता. उत्तर धड्यात 'दिलेले' असते आणि आपण ते हुडकून काढायचे असते, हा नियम तिने बनवला नव्हता. 'एका वाक्यात उत्तरे लिहा', 'कोण कोणास म्हणाले', 'गाळलेल्या जागा भरा' यांच्या तीन वर्षांच्या सरावाने तो तिच्या अंगवळणी पडला होता. हीच मुलगी घरी आईच्या भांडी आपटण्यावरून तिचा राग ओळखत असेल, आभाळ पाहून वाळवण आत घेत असेल. अनुमान करणे तिला कोणी शिकवायला नको. फक्त वर्गात येताना ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे असते, असा तिचा समज झाला होता.

आमच्या गावागावांत वर्षातून एकदा सप्ताह बसतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी प्रवचन, तिन्हीसांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. पारायणाला पुढून एक जण वाचतो आणि रांगेत बसलेली माणसे आपापल्या पोथीतून त्याच्या सुरात सूर मिसळतात. सात दिवसांत नऊ हजारांच्या आसपास ओव्या संपवायच्या असतात. अर्थासाठी थांबायला तिथे सवड नसते आणि कोणी थांबतही नाही. पारायणाचा आनंद वेगळा आहे, तो कमी लेखण्याचे कारण नाही. पण गावाने अर्थाची सोय त्याच मांडवात, दुसऱ्या वेळी केलेली असते. प्रवचनकार एखादीच ओवी घेतो आणि तासभर तिच्याभोवती फिरतो. कीर्तनकार अभंगाचे एक चरण उचलतो, उलटून पाहतो, स्वतःच शंका काढतो, स्वतःच ती खोडतो, दृष्टान्त देतो, पुन्हा चरणाशी येतो. याला आपण निरूपण म्हणतो. ज्याला अक्षर येत नाही असा माणूसही तिथे बसून एक गोष्ट पाहत असतो : जाणता माणूस शब्दाशी कसा झटतो ती.

शाळेने सप्ताहातले पारायण तेवढे उचलले. निरूपण देवळातच राहिले.

असे का झाले असावे, याचा विचार करताना मला आपल्या लिपीचे नाव आठवते. देवनागरीला मराठीत जुने नाव बाळबोध. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या समासाने केला आहे, आणि बाळबोध अक्षर कसे घोटून घोटून नेटके करावे हे त्यात मोठ्या आस्थेने सांगितले आहे. दुसरीकडे व्यवहारात मोडी होती. मोडी लिहिणारा आधी कागदभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे ओळीने टांगत जाई. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. म्हणजे मोडीतले पत्र कळल्याशिवाय वाचताच येत नसे. अर्थ हा तिथे वाचनाचा शेवट नव्हता, साधन होते.

बाळबोधीचा स्वभाव उलटा. जसे लिहावे तसे म्हणावे. इंग्रजी शिकणारे मूल एकाच अक्षराच्या पाच उच्चारांनी हैराण होते, तसे आपल्या मुलाचे होत नाही. त्याला बाराखडीची आणि जोडाक्षरांची शेकडो रूपे ओळखावी लागतात, हे कष्ट थोडे नाहीत. पण एकदा ती हाताखाली आली की समोर ठेवाल तो कागद ते खडाखडा म्हणून दाखवते. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे रुळवली. छपाईने शब्द सुटे झाले, थांबे ठरले. वाचणाऱ्याने डोक्याने करायची बरीचशी कामे कागदानेच उरकली. ही सोय मोठी होती. तिच्यावाचून सार्वत्रिक शिक्षण उभे राहिले नसते. पण तिच्या पोटात एक चकवा राहिला : अर्थाला स्पर्श न करता वाचन पुरे झाल्याचा आभास. लिपीच्या नावात बोध आहे खरा, पण ती हमी देते ती नादाची.

यावर कोणी म्हणेल, मग अक्षरांचे काय एवढे? तसे मात्र नाही. 'ध'चा 'मा' झाला तर काय होते, हे नारायणरावाच्या १७७३ मधल्या खुनाभोवती रचलेल्या दंतकथेने मराठी माणसाला कायमचे शिकवून ठेवले आहे. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले : अक्षर उकलण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे आकलन. गुणाकार, बेरीज नव्हे. बेरजेत एक बाजू रिकामी असली तरी काहीतरी हाती लागते. गुणाकारात एक शून्य पुरते. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा मुख्यतः पहिल्या बाजूचा, म्हणजे मोठ्याने नीट वाचता येण्याचा आहे. आपण त्याने अस्वस्थ होतो, व्हायलाच हवे. पण जी मुले त्या कसोटीत उतरली, त्यांच्यातही माझी ती खणखणीत आवाजाची मुलगी आहेच. ती 'वाचता येते' या रकान्यात पोहोचली आणि आपण तिची काळजी सोडून दिली.

कळल्याचा आभास किती सहज निर्माण होतो, याचा एक खेळ मी अधूनमधून शिक्षकांच्या बैठकीत खेळतो. फळ्यावर लिहितो : 'झुलव्या टमक्याने भिरंडीला सांजेवर खुपळले.' मग प्रश्न विचारतो. भिरंडीला कोणी खुपळले? झुलव्या टमक्याने. टमका कसा होता? झुलवा. कुठे खुपळले? सांजेवर. तीनही उत्तरे बिनचूक, पूर्ण वाक्यात लिहिली तर पैकीच्या पैकी गुण. आणि अर्थ? ओ की ठो नाही. मराठीत तर ही फसवणूक आणखी सोपी आहे, कारण आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आयते हातात उत्तर ठेवतात. 'ने' दिसला की करणारा सापडला, 'ला' दिसला की सोसणारा सापडला, 'वर' दिसला की जागा. मूल शब्दांची शेपटे पाहते आणि प्रश्नाच्या शेपटाशी जुळवते. 'जोड्या लावा' हा प्रश्न आपण वेगळा काढतो खरा, पण आपले बहुतेक प्रश्न हे जोड्या लावाच असतात.

ही व्यथा आजची नाही. यास्काच्या निरुक्तात, अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा देणारे वचन आले आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत गाऊन म्हणणारा, घाई करणारा, मान डोलावणारा यांच्या पंक्तीला अर्थ न जाणणाराही बसवला आहे. गंमत अशी, की त्याच पंक्तीत लिहिलेले पाहून वाचणाराही आहे. मौखिक परंपरेच्या नजरेने आपले सगळे वर्ग दोन-दोन दोषांचे धनी ठरतील. पण त्या यादीतला अर्थाचा आग्रह ध्यानात घेण्यासारखा आहे : पाठांतरावर ज्यांची सारी भिस्त होती, त्यांनाही निव्वळ पाठांतराची लाज वाटत होती.

सातासमुद्रापलीकडेही तीच कहाणी. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये मुलांना एक छोटा परिच्छेद दिला होता. फ्रँकलिन नावाच्या गावात कोणत्या वयाच्या मुलांनी शाळेत यायलाच हवे आणि कोणत्या कारणांनी गैरहजेरी चालेल, असा नियम त्यात होता. परिच्छेद कशाविषयी आहे, असे विचारल्यावर काही मुलांचे उत्तर : फ्रँकलिन. थॉर्नडाइकने अशा चुका जमवल्या, त्यांची वर्गवारी केली आणि एक फार मार्मिक निरीक्षण नोंदवले. वाक्यातला प्रत्येक शब्द मनात योग्य वजनाने उतरायला हवा. चुकणाऱ्या मुलाच्या मनात एखादा शब्द नको तितका जड होतो आणि बाकीचे हलके पडतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर एखादा शब्द मुलाच्या अंगात येतो आणि मग तोच घुमत राहतो. म्हणून, वाचणे म्हणजे गणित सोडवण्यासारखा विचार करणे आहे, असे त्याचे म्हणणे. वजने तोलायची, जुळवायची, चुकली तर पुन्हा मांडायची.

त्यानंतर साठएक वर्षांनी डोलोरेस डर्किन या संशोधिका अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत जाऊन बसल्या. आकलन 'शिकवले' जाते ते नेमके केव्हा, एवढेच त्यांना घड्याळ लावून पाहायचे होते. वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटे त्यांनी पाहिली. त्यांतली आकलन शिकवण्याची मिनिटे भरली वीस. बाकीच्या वेळात शिक्षक काय करत होते? प्रश्न विचारत होते, उत्तरे तपासत होते, स्वाध्याय देत होते. म्हणजे आकलनाची परीक्षा रोज होती, आकलनाचा धडा कधीच नव्हता. डर्किन यांचा तो अभ्यास १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या एखाद्या वर्गात आज कोणी घड्याळ घेऊन बसले तर काय दिसेल, याचा अंदाज बांधायला संशोधक असण्याची गरज नाही. 'समजलं का?' 'हो ऽऽ बाई!' हा कोरस आपण सर्वांनी म्हटला आहे. पोहायला शिकवताना काठावर उभे राहून रोज 'आलं का पोहता?' असे विचारावे, त्यातलाच हा प्रकार.

त्या 'हो ऽऽ' मागे काय असते? एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याचे उत्तर आहे. त्यांनी तिसरी ते सहावीतल्या मुलांना काही छोटे मजकूर ऐकवले आणि सांगितले, मी हे मुलांसाठी लिहिते आहे, कुठे सुधारायला हवे ते तुम्ही मला सांगा. एका मजकुरात असे होते की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो. आणि लगेच पुढे असे, की तिथले मासे आपले खाद्य रंगावरून ओळखतात. इतकी ढळढळीत विसंगती. पण बऱ्याच मुलांना मजकूर ठीक वाटला. ती मुले मठ्ठ नव्हती. त्यांनी प्रत्येक वाक्य समजून घेतले होते, पण सुटे सुटे. दोन वाक्ये समोरासमोर उभी करून 'तुमचे एकमेकांशी पटते का?' असे विचारण्याचे काम आपले आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

मला वाटते, आकलनाच्या शिक्षणाचे बीज इथे आहे. कळणे शिकवता येईल की नाही, यावर वाद घालता येईल. पण 'कळले नाही' हे कळणे नक्की शिकवता येते. आणि तेच आपल्या वर्गात सर्वांत अवघड आहे, कारण 'कळलं नाही' या दोन शब्दांना आपण गुन्ह्याची कबुली करून ठेवले आहे. उभे राहून ते म्हणणाऱ्या मुलाकडे सगळा वर्ग वळून पाहतो. 'लक्ष कुठे होतं?' हा प्रश्न तयारच असतो. खरे तर लक्ष होते म्हणूनच कळले नाही हे कळले. ज्याचे लक्ष नव्हते तो मजेत 'हो ऽऽ' म्हणून मोकळा झाला.

मग करायचे काय? वाचता वाचता जाणत्या वाचकाच्या मनात जे चालते ते दिसत नाही. सुताराचा रंधा दिसतो, कुंभाराचा अंगठा दिसतो. पोर नुसते शेजारी बसून शिकते. वाचणाऱ्याचा रंधा त्याच्या डोक्यात फिरतो. तेव्हा तो बाहेर काढून दाखवायचा, एवढाच या साऱ्या पद्धतींचा गाभा आहे. बाईंनी मोठ्याने वाचावे : 'शेतकऱ्याने विहिरीत डोकावून पाहिले आणि दोर पुन्हा गुंडाळला.' आणि तिथेच थांबून, मुलांना ऐकू जाईल असे स्वतःशी बोलावे : "गुंडाळला? म्हणजे पाणी काढलंच नाही की काय? थांबा, परत वाचते. हं, डोकावून पाहिलं आधी. विहीर आटली असेल. का दोर पुरत नसेल? पुढे बघू, कळेल." यात कुठे व्याख्या नाही, साहित्य नाही, तक्ता नाही. पण मुलांनी यात चार गोष्टी पाहिल्या : मोठी माणसेही अडतात, अडले की मागे जातात, एकाहून जास्त अंदाज बांधतात आणि अंदाजाला पुराव्याची वाट पाहायला लावतात. हे निरूपणच आहे. फक्त कीर्तनकाराला चरणाचा अर्थ आधीपासून ठाऊक असतो. बाईंनी तो आत्ता, सर्वांसमक्ष शोधायचा आहे.

अ‍ॅनमारी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये याची एक सुटसुटीत रीत मांडली. अक्षरे वाचता येणारी पण अर्थात मागे पडलेली सातवीची मुले त्यांनी छोट्या गटांत बसवली आणि चार कामे दिली : पुढचा अंदाज बांधायचा, प्रश्न काढायचा, अडले ते सोडवायचे, सार सांगायचे. आधी शिक्षक करून दाखवणार. मग एकेक मूल पाळीपाळीने त्या गटाचे शिक्षक होणार. या चारांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरी. प्रश्न विचारणे ही आपल्या शाळेत मास्तरांची मिरास आहे. ती मुलाच्या हाती दिली की त्याला एकाएकी कळते, चांगला प्रश्न काढायला उत्तर देण्याहून जास्त वाचावे लागते. सुरुवातीला 'कोणी', 'कुठे' एवढेच येते. मग कधीतरी एखाद्याच्या तोंडून 'का' बाहेर पडतो. शेपटे जुळवून 'का'चे उत्तर मिळत नाही.

या पद्धतींना शैक्षणिक मराठीत 'रणनीती' म्हणण्याची चाल पडली आहे. जणू धडा हा शत्रू आणि वर्ग ही छावणी. मी आपले 'युक्त्या' म्हणतो. युक्ती या शब्दात जोडणे आहे, आणि थोडी गंमतही आहे. शिवाय युक्ती जमली की विसरायची असते. इमारत बांधताना गवंडी परांची बांधतो. भिंत उभी राहिली की सोडवतो. परांचीची पूजा करत कोणी बसत नाही. अमेरिकी शिक्षणशास्त्रातही नेमकी हीच उपमा रूढ आहे. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी ती वापरली. पण आपल्या व्यवस्थेचा हातगुण असा, की परांचीलाच आपण भिंत समजू. 'अंदाज बांधणे म्हणजे काय? व्याख्या लिहा. गुण २.' असा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही, पण तो कोणत्या तरी व्यवसायपुस्तिकेच्या वाटेवर असणार याबद्दल मला शंका नाही. मुखपृष्ठावरच्या चित्रावरून अंदाज बांधण्यात अर्धा तास, सारांशाचे रकाने भरण्यात अर्धा तास, आणि गोष्ट वाचायला घंटेआधीची पाच मिनिटे. डॅनियल विलिंगहॅम या मानसशास्त्रज्ञाचा तर असा दावा आहे, की या युक्त्यांचा लाभ थोडक्या शिकवण्यातच होऊन जातो. त्याच त्या घोटत राहिल्याने फारसे काही वाढत नाही. बाकीचा वेळ वाचण्याला द्यावा, आणि जग जाणून घेण्याला.

जग जाणण्याचे प्रकरण आणखी खोल आहे. हा मजकूर पाहा : 'दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तयार करतात. पहिलीला झाकून तासभर निवांत सोडतात. दुसरीत ओल राहिली तर पुढे फजिती होते, म्हणून मध्ये काही उभे करून पाहतात; उभे राहिले तर झाले. मग दुसरी पहिलीच्या पोटात घालून तोंड बंद करतात. हात जड असेल तर पोटातले बाहेर येते.' शब्द सगळे ओळखीचे, वाक्ये सरळ, तरी मन चाचपडत राहते. आता याला शीर्षक देतो : पुरणपोळी. क्षणात कणीक, पुरण, त्यात उभी राहणारी पळी आणि लाटणे आपापल्या जागी जाऊन बसतात. कागदावरचे एक अक्षरही बदलले नाही. अर्थ वाचणाऱ्याच्या स्वयंपाकघरातून आला. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याचे असेच आडवळणाचे वर्णन देऊन हे दाखवले होते. आणि ज्याच्या घरी पुरणपोळी होतच नाही, त्याला शीर्षक देऊनही काय उपयोग?

रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे कबड्डीचा उतारा देऊन पाहावे. 'चढाई', 'पकड', 'मध्यरेषा' या शब्दांवर वर्गातला 'ढ' पोरगा सिंहासनावर बसेल. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, डहाणूच्या वारली मुलीला, ऊसतोडीच्या कोपीवरून अर्ध्या वर्षाने परतलेल्या बीडच्या पोराला आपण 'आकलनात कच्चे' म्हणतो, तेव्हा कित्येकदा आपण त्याच्या समोर बिनशीर्षकाचा मजकूर ठेवलेला असतो. कोरकू तर मराठीच्या कुळातलीही भाषा नाही. खानदेशातले मूल घरी अहिराणीत हसते-रुसते आणि शाळेत प्रमाण मराठीत 'एका वाक्यात' उत्तर देते. त्याच्या डोक्यातले जग मोठे आहे. धड्याकडे जाणारा पूल त्याला कोणी बांधून दिलेला नाही. तेव्हा बाईंनी धडा उघडण्याआधी पाच मिनिटे 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' एवढे विचारले, तर तीही युक्तीच, आणि कदाचित सर्वांत जुनी.

हे सारे लिहिताना मी शिक्षकाची बाजू विसरलेलो नाही. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता एका खोलीत, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती, आणि केंद्रप्रमुख आले की पहिला हुकूम : 'वाचून दाखवा.' मूल घडाघडा वाचते, साहेब खूश होतात. कळल्याचा आवाज होत नाही, ही त्यातली अडचण आहे. विचार करणारा वर्ग बाहेरून मंद दिसतो. एका वाक्यावर दहा मिनिटे गेली तर अभ्यासक्रम मागे पडल्यासारखा वाटतो. तरीही महाराष्ट्रात याचे वळण नव्याने घालायचे आहे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर मुलांच्या अंगणातल्या वस्तूंपासून शिक्षण सुरू केले. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालयात मुलांना प्रश्नकर्ते केले. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखन अर्थापासून तोडू न देता शिकवण्याची रीत उभी केली. ही माणसे मोठ्या निधीची नव्हती. मूल बोलत असताना थांबून ऐकण्याची सवड त्यांनी काढली, तीच मोठी होती.

त्या तिसरीच्या वर्गात पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले.

"त्यात नाही दिलेलं," असे ती मुलगी म्हणाली, तेव्हा बाईंनी 'पाऊस' हे उत्तर सांगून टाकले नाही. म्हणाल्या, "खरंय गं, नाही दिलेलं. पण मला एक कळत नाही. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवायची सोडून आजीनं उघडीच का ठेवली असेल?"

वर्ग गप्प. मग मागून, ज्याला अजून एकेक अक्षर लावून वाचावे लागते असा एक मुलगा पुटपुटला, "वाळायला."

"पाऊस नसंल पण," खिडकीशी बसलेली एक जण म्हणाली, "माझी आजी उन्हात पण छत्री घेती. घाम पुसला असंल तिनं."

बाई काही बोलल्या नाहीत. मला वाटले, आता त्या निवाडा देतील. त्यांनी नुसते त्या पुटपुटणाऱ्या मुलाकडे पाहिले. तो कागदावर वाकला, कुठला तरी शब्द बराच वेळ लावत बसला, आणि मान वर करून म्हणाला, "मग चुलीपाशी कशाला बसंल?"

खणखणीत वाचणाऱ्या त्या मुलीने कागद जवळ ओढला. तिचे बोट शेवटच्या ओळीतल्या चुलीवर होते. ते तिथून निघाले, उलटे, वरच्या ओळीवर गेले, पदरापाशी घोटाळले, आणि छत्रीवर येऊन थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच ते मागे आले होते.